न घेतलेल्या घरांचे काका

“गडबड केली ह्यांनी. जरा थांबाय पाहिजे होतं.”

काका हे शेजारच्या पानावरच्या माणसाला सांगत होते. ज्यांनी गडबड केली त्यांच्याच नव्या घरात, त्यांच्याच पंगतीत मांडी घालून सांगत होते. यजमान दोन पानं अलीकडे जिलबी वाढत होते. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण काकांसमोर आल्यावर त्यांनी एक जिलबी जास्त टाकली आणि म्हणाले, “सर, आज खाऊन घ्या. भाव उतरल्यावर परत बोलावतो.”

पंगत हसली. काकाही हसले. जिलबी मोडून तोंडात टाकली आणि पुन्हा हळूच म्हणाले, “दिवाळीनंतर उतरलाच असता.”

गृहप्रवेश होता. पुढच्या खोलीत बुद्धमूर्तीसमोर सकाळच्या वंदनेच्या मेणबत्त्या अजून जळत होत्या. नव्या रंगाचा वास वरणभातातही येत होता. मी बायकांच्या ओळीत काकूंच्या शेजारी बसले होते. काकूंचं जेवणात लक्ष नव्हतं. त्या उघड्या दारातून आतल्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होत्या. खिडकी मोठी होती, पूर्वेची. हे घर खरं तर त्यांचं व्हायचं होतं. पंगतीतल्या बहुतेकांना ते माहीत होतं, आणि ते का झालं नाही हेही माहीत होतं.

काका आमच्या नात्यातले नव्हते. गंगाखेडला एकाच घरमालकाच्या घरात ते खाली किरायाने राहायचे आणि आम्ही वर. घरमालक नांदेडला असायचे. काका एका हायस्कूलवर गणित शिकवायचे. माझे आई-बाबा दोघं नोकरीला, त्यामुळे शाळेतून आल्यावर मी संध्याकाळपर्यंत खालीच असायचे. काकूंच्या हातचं खायचे, काकांच्या आईकडून, म्हणजे आजींकडून, गावाकडच्या गोष्टी ऐकायचे, आणि आठवड्यातून एकदा तरी काकांबरोबर घर बघायला जायचे.

घर बघणं हा काकांचा धर्मच होता म्हणा. गंगाखेडमध्ये कुठे घर किंवा प्लॉट विकायला निघाला की एजंटच्या आधी काकांना कळायचं. कोण बदलून चाललंय, कुणाच्या भावाभावांत वाटणी होतेय, कुणाचा मुलगा पुण्याला स्थिरावलाय, हे सगळं त्यांना पाठ असायचं. शाळा सुटली की ते घरी यायचे, चहा घ्यायचे आणि जिन्याखाली उभे राहून मला हाक मारायचे. जाण्याआधी एक सूचना ठरलेली असायची: “युनिफॉर्म बदलून ये बाई. टाय बघितला की भाव चढतोय.”

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तो टाय फुकटचा नाही, हे विकणाऱ्याला कळतं, असं काकांचं म्हणणं. मग मी साधा फ्रॉक घालून यायचे आणि आम्ही निघायचो. विकणाऱ्यांना मी त्यांची मुलगी वाटायचे. काका ते खोडून काढायचे नाहीत. त्यांना मूलबाळ नव्हतं.

आत गेल्यावर त्यांची एक पद्धत होती. मालक हॉल दाखवायला लागला की काका आधी खिशातून काचेची गोटी काढून माझ्या हातात द्यायचे. मी ती फरशीवर सोडायची. गोटी कुठे जाते यावरून त्यांना फरशीचा उतार कळायचा. मोरीकडे गेली तर ठीक, उंबऱ्याकडे आली तर काका नुसते “हं” म्हणायचे. तेवढ्या एका “हं”ने मालकाचा चेहरा बदलायचा. मग ते भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे, नळ सोडून बघायचे, गच्चीवर जायचे. आणि निघताना मालकाला न विचारता शेजारच्या घरातल्या बाईला विचारायचे, “ताई, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतंय का?” खरी माहिती शेजारीच मिळते यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

चहा मात्र ते सगळीकडे घ्यायचे. गावातल्या विकायला निघालेल्या प्रत्येक घरात त्यांनी चहा घेतलेला होता.

परतताना ते मला हिशेब समजावून सांगायचे. घराचा भाव एकोणसत्तरवरून त्रेसष्टवर आणता येईल, मग अठ्ठावनवर थांबेल, असं काहीतरी. मी ऐकून घ्यायचे. मी कुणाला काही सांगत नाही म्हणून त्यांना माझं कौतुक होतं. खरं तर मला एकोणसत्तर म्हणजे किती तेच कळायचं नाही. आमच्या शाळेत आकडे इंग्रजीत होते. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते रस्त्यात थांबले आणि भजी घेऊन देत म्हणाले, “मग इतके दिवस मी कोणाशी बोलायलोय?” त्या आठवड्यात त्यांनी मला शंभरपर्यंत मराठी आकडे शिकवले, गावातल्या घरांच्या भावांवरून. सदुसष्ट म्हणजे आजही मला बसस्टँडमागचं निळ्या दाराचं घर दिसतं.

वाटेत हातून गेलेलं एखादं घर आलं की ते चालता चालता मान वळवायचे. “हे मला कितीला मिळायलं होतं, माहीताय का?” पुढच्या वळणावर दुसरं. पुलाजवळ तिसरं. गंगाखेडचा त्यांच्या डोक्यात वेगळाच नकाशा होता. लोक देवळावरून, दवाखान्यावरून पत्ता सांगतात, काका हातून गेलेल्या घरांवरून सांगायचे. आणि त्यात दुःखाचा सूर नसायचा. एखाद्याने आपल्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं घ्यावीत तसं ते त्या घरांचं बोलायचे.

“मग घेतलं का नाही?” हे मी कधी विचारलं नाही. इतर सगळे विचारायचे. त्यावर त्यांचं उत्तर एकच: “घर काय पळून जायलंय का?”

त्यांचं मूळ गाव बोरी. घरची शेती बऱ्यापैकी होती, कापूस भरपूर. त्यांच्या लहानपणी वेचलेला कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवायचे, भाव येईपर्यंत. मुलं त्या ढिगावरच झोपायची, आणि अंगाला खाज सुटली तरी कुणी तक्रार करायचं नाही, कारण वडिलांनी एकदा ठरवलं की ठरवलं. एका वर्षी पाहुण्यांच्या लग्नासाठी वडिलांनी घाईने कापूस विकला आणि पुढच्याच आठवड्यात मोंढ्यात भाव चढला. वडील दोन दिवस जेवले नाहीत, असं आजी सांगायच्या. नंतर कितीतरी वर्षं घरात कुणी काही मागितलं की तो कापूस निघायचा. नवीन सायकल नको, त्या वर्षी थांबलो असतो तर आली असती. काका हे ऐकत मोठे झाले.

मला वाटतं त्यांनी घरालाही कापसासारखंच धरलं. पण कापूस आपल्या घरात ठेवून थांबता येतं. घरासाठी थांबताना माणूस दुसऱ्याच्या घरात राहतो. ही बाजू काकांच्या हिशेबात कधी आली नाही. ती काकूंच्या वाट्याला आली.

काकूंचं माहेर चुडाव्याचं. वडील रेल्वेत होते, म्हणून बालपण स्टेशनजवळच्या क्वार्टरमध्ये गेलं. वडील निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. मग लग्न, मग किरायाची घरं. काकू किरायाच्या घराच्या भिंतीत खिळा मारत नसत. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, देवांच्या तसबिरी फळीवर भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आरसा लोखंडी कपाटाच्या मुठीला अडकवलेला. तुळस रंगाच्या डब्यात. एकदा मी म्हटलं, खिळा मारला तर घरमालक काही म्हणणार नाहीत. काकू म्हणाल्या, “मालक न्हाई म्हणत गं. पण जाताना काढावा लागतोय. भोक राहतंय.”

काका त्यांना घर बघायला कधी नेत नसत. बायकांना घर आवडलं की तोंडावर दिसतं आणि समोरचा भाव धरून बसतो, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे आम्ही परत आलो की काकू काकांना काही विचारायच्या नाहीत. त्या मला विचारायच्या, तेही जिन्यात, पोळ्यांचा डबा देताना. “स्वयंपाकघरात उजेड हाय का?” मी हो किंवा नाही म्हणायचे. कधी विचारायच्या, “ओटा हाय का गं दारापुढं?” एवढंच. भाव किती हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

भाव कधी पडतो याबद्दल काकांचे ठाम सिद्धांत होते. कारखान्याकडून उसाचं बिल वेळेवर निघालं की गावात पैसा येतो आणि प्लॉट चढतात. बिल लांबलं की नरम पडतात. म्हणून त्यांच्याकडे ऊस नसूनही बिलाची चौकशी ते ऊसवाल्यांच्या आधी करायचे. निवडणुकीआधी घ्यायचं नाही. नवा रस्ता होणार अशी बातमी आली की घ्यायचं नाही, रस्ता झाल्यावर तर अजिबातच नाही.

गंमत म्हणजे ते बरोबरही निघायचे. नोटबंदी झाली तेव्हा मी शाळेत होते. काका महिनाभर आनंदात होते, शाळेतून येताना शीळ घालायचे. घरांचे भाव खरंच उतरले. ज्यांनी पूर्वी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं ते लोक आता स्वतःहून फोन करायला लागले. बाबांनी त्यांना म्हटलं, सर, हीच वेळ आहे. काका म्हणाले, “आत्ता तर सुरुवात हाय. अजून उतरू द्या.” ते उतरायचे थांबले कधी, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. काकांच्या लक्षात आलं तेव्हा भाव पुन्हा जुन्या जागी आले होते. पुढे लॉकडाऊनमध्येही हेच झालं, फक्त या वेळी तोंडाला मास्क होता. त्यांचा अंदाज चुकला असता तर कदाचित त्यांनी वैतागून घर घेऊन टाकलं असतं. तो खरा ठरला म्हणून ते थांबत राहिले.

पण त्यांचा सगळ्यात लाडका सिद्धांत पितृपक्षाचा होता.

त्या पंधरा दिवसांत आपल्याकडे कुणी नवं काही घेत नाही. घर तर नाहीच. एजंट दुकानात माश्या मारत बसतात. विकणाऱ्याला एकही गिऱ्हाईक दिसत नाही आणि तो मनातून घाबरतो. काका नेमके तेव्हा जायचे. “आता बोलायला नरम असतेत,” ते म्हणायचे. आणि खरोखर, वर्षभर जो माणूस ऐकत नसायचा तो पितृपक्षात ऐकायचा. काका भाव खाली आणायचे, हातावर हात मारून सौदा ठरवायचे आणि सांगायचे, “बयाना घटाला देतो. पितरं चालू हायत, घरात चालत न्हाई.”

घट बसेपर्यंत थांबायचं आणि त्या दिवशी बयाना द्यायचा. पण घटस्थापनेला बाजार उघडतो. गिऱ्हाईकं येतात, एजंट जागे होतात, आणि मालकाला वाटतं आपण उगाच कमी केलं. दर वर्षी काकांना वर्षातला सगळ्यात चांगला भाव मिळायचा, तोही नेमका बयाना देता येणार नाही अशा पंधरवड्यात.

क्लार्कसाहेबांचं घर असंच गेलं. काकांच्या शाळेतले क्लार्क, तेच जिलबी वाढत होते ते. बसस्टँडपासून थोडं आत, दोन खोल्या, मागे बोअर, पुढे ओटा, आणि ती पूर्वेची खिडकी. मालक लातूरला मुलाकडे चालला होता. काकांनी गोटी सोडायला लावली, गोटी बरोबर मोरीकडे गेली. त्या घरात कशालाच त्यांनी “हं” म्हटलं नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. पितृपक्ष होता. भाव त्यांनी असा खाली आणला की मालक नंतर स्वतःवरच चिडला असेल. त्या संध्याकाळी जिन्यात काकूंनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, “उजेड खूप आहे.” काकू थोडा वेळ डबा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. मालक किती मागत होता, त्याला कितीवर आणला, कसा आणला. काकांना सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. गणित सुटलं की फळ्यावर मांडायचंच. क्लार्कसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या घरी पितृपक्ष पाळत नाहीत. ते बौद्ध, त्यांना हे पंधरा दिवस इतर दिवसांसारखेच. शाळा सुटल्यावर ते मालकाकडे गेले आणि काकांनी ठरवलेल्या भावात बयाना देऊन आले.

घटस्थापनेच्या सकाळी काका पेढे घेऊन गेले. मी बरोबर होते. मालकाने आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि खाली बघत सांगितलं. काका ऐकून म्हणाले, “बरं झालं. चांगल्या माणसाकडं गेलं.” पेढे त्यांनी मालकालाच दिले. परतताना नेहमीची भजी घेतली नाहीत, एवढाच फरक.

क्लार्कसाहेब आठवडाभर त्यांच्यासमोर येत नव्हते. शेवटी काकाच त्यांच्या टेबलाशी गेले. भाव मी काढला, घर तुमी घेतलं, त्यात चोरी कुठं आली, असं म्हणाले आणि रंग कोणता द्यायचा यावर सल्ला द्यायला बसले. तो सल्ला क्लार्कसाहेबांनी पाळलाही. म्हणूनच पंगतीत तो टोमणा चालला. दोघांचं पुढेही उत्तम राहिलं.

त्या घटस्थापनेच्या दुपारी मात्र खालच्या घरात एक गोष्ट झाली. आजी भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. काका बाबांना सांगत होते, की काय करणार, म्हातारीला पितरांत चाललं नसतं. आजींनी मान वर केली नाही. शेंगा सोलतच म्हणाल्या, “मला कुठं इचारलंस? इचारलं असतंस तर म्हणले असते, दे. माझे सासू-सासरे काय नातवाच्या घराला आडवे येतेत?”

काकांनी पुढ्यातली एक शेंग उचलली आणि सोलायला लागले. मी त्यांच्याकडे बघत होते. मला बोलता येत नाही तेव्हा मी बघते, ती माझी सवय आहे. सकाळी ओट्यावर, घर गेल्याचं कळलं तेव्हा, त्यांचा चेहरा उतरला होता, हे खरं. पण उतरण्याच्या आधी क्षणभर तो सैल झाला होता. पेपर रद्द झाला असं कळल्यावर वर्गातल्या हुशार मुलांचा होतो तसा. त्या वेळी मला त्याचा अर्थ लागला नाही.

वर्षं गेली. आजी गेल्या. काका निवृत्त झाले आणि घर बघायला त्यांना आणखी वेळ मिळाला. मी परभणीला नोकरीला लागले, एसटीने जाऊन-येऊन. सुट्टीच्या दिवशी त्यांची हाक अजून यायची. युनिफॉर्म बदलायचा प्रश्न उरला नव्हता. आता ते म्हणायचे, “ते कंपनीचं कार्ड गळ्यातलं काढ बाई.” लोक त्यांना आपल्याबरोबर भाव करायला न्यायचे. गावातल्या कितीतरी लोकांची घरं त्यांच्या त्या “हं”मुळे स्वस्तात झाली. वास्तुशांतीला त्यांना पहिल्या पंगतीत बसवायचे.

मग नांदेडचे घरमालक वारले. त्यांचा मुलगा हैदराबादला होता. गेल्या वर्षी पितृपक्षात तो आला. त्याला घर विकून टाकायचं होतं.

तो आला तो दिवस नेमका आजींच्या श्राद्धाचा होता. सकाळपासून काकू स्वयंपाकघरात होत्या. त्या स्वयंपाकघराला खिडकी नाही, दिवसाही दिवा लावावा लागतो. वडे, खीर, कढी, भाज्या. गच्चीवर कावळ्याचं पान ठेवायला मी गेले होते. मुलाला काकांनी आग्रहाने जेवायला बसवलं. जेवण झाल्यावर पुढच्या खोलीत खुर्च्या टाकल्या आणि काकांनी जिन्याखालून मला हाक मारली. का ते विचारायची गरज नव्हती.

मुलगा भला होता. एक पार्टी तयार आहे म्हणाला, घर पाडून गाळे काढायचे आहेत त्यांना, आणि संध्याकाळी ते बयाना घेऊन येतायत. मला हे घर पाडलेलं बघवणार नाही, तो म्हणाला. तुम्ही इतकी वर्षं राहिलात, तुमचा हक्क पहिला. पण मला उद्या निघायचंय. काय ते आज.

काकांनी सुरुवात केली. त्या दिवशी ते असे बोलले, की मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर फिरूनही तसं ऐकलं नव्हतं. जिन्याखालची ओल, पाण्याचा दाब, शेजारच्या हद्दीचा वाद, आणि वर राहणारं आमचं बिऱ्हाड, तेही त्यांनी भाव उतरवायला वापरलं. मुलगा उतरत गेला. शेवटी तो एका आकड्यावर थांबला. काका गेली कितीतरी वर्षं ह्या घराची खरी किंमत म्हणून जो आकडा सांगायचे, तोच.

 आता थांबायला काही कारण उरलं नव्हतं. मी काकांकडे बघितलं. त्यांचा चेहरा सैल नव्हता. पेपर या वेळी रद्द झाला नव्हता, तो हातात आला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“भाव बरोबर हाय,” ते म्हणाले. “पण आज आईची तिथ. पितरं चालू हायत. मला काही न्हाई, पण आमच्या घरात चालत न्हाई. ही ऐकणार न्हाई. तुमी घटापर्यंत थांबा.”

मुलगा हळूच म्हणाला, “काका, ते लोक नाही थांबायचे.”

काका मान डोलावत होते, जणू त्याचंही बरोबर आहे. त्यांची पाठ आतल्या दाराकडे होती. त्या दारात काकू उभ्या होत्या. हाताला बेसन लागलेलं होतं, पदराने कपाळ पुसत होत्या. आपलं नाव निघालेलं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी काकांच्या पाठीकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. जिन्यात डबा देताना बघायच्या तसं नव्हे. आज त्यांना विचारायचं काही नव्हतं.

त्यांनी मान हलवली. मी नीट पाहिलं की नाही, असा त्यांना संशय आला असावा, म्हणून त्यांनी ती पुन्हा हलवली, खाली, अगदी हनुवटी छातीला लागेपर्यंत. डोळ्यांत पाणी नव्हतं. उलट ओठ घट्ट मिटलेले होते.

काकांना ते दिसत नव्हतं. मुलाला दिसलं तरी तो बोलणार नव्हता, तो परका. काकू स्वतः पुरुषांच्या बोलण्यात बोलणार नव्हत्या. मुलगा खुर्चीवरून उठला आणि त्याने मोबाईल खिशात ठेवला. काका त्याला निरोप द्यायला उठू लागले, नेहमीच्या पद्धतीने, हात जोडत.

माझा आवाज मला अनोळखी वाटला, आणि हवा त्यापेक्षा मोठा निघाला.

“काका, काकू हो म्हणतायत. मागे बघा.”